गाडीचं गाणं संपेपर्यंत

आज सकाळी बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात, आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी आली आणि माझी मावशी अर्धी वेणी हातात धरून बाहेर पळाली. कचऱ्याचा डबा आतच... मी हाका मारतेय, तिचं लक्षच नाही.

गाडीवर तेच रोजचं स्वच्छतेचं गाणं. कचरा शेवटी मीच नेऊन टाकला. मावशी मात्र फाटक धरून उभी, गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत.

मी जरा चिडूनच म्हटलं, "मावशी, एवढं आवडत असेल तर मोबाइलवर लावून देऊ का?" ती हसली नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मलाच कसंतरी झालं.

गेल्या पावसाळ्यापर्यंत मावशी तापीकाठच्या खालच्या मोहल्ल्यात राहायची. एकटीच. घरात बसून यंत्रमागांसाठी सुताच्या कांड्या भरायची, आणि मागच्या अंगणात चंद्री नावाची शेळी. आम्ही भेटायला गेलो तरी चहा नंतर, आधी चंद्रीची तब्येत!

त्या दिवशी बुऱ्हाणपुरात चक्क ऊन होतं. पण वर बैतूलकडे पाऊस कोसळला की इथं कोरड्यातच तापी चढते... हे आम्हाला माहीत आहे, सरकारला तर आमच्याआधी कळतं. आणि कळलंही होतं. नदीकाठची घरं रिकामी करा, अशी सूचना देत गाडी फिरवली. कोणती? तर कचऱ्याचीच. भोंगा तिच्यावरच होता ना.

आता त्या मोहल्ल्यात दिवसभर माग खडखडत असतात. शेजारी बसलेल्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं, तिथं भोंग्यातून गाणं येतंय की सूचना, हे कोणाला कळणार? गाडी दिसली म्हणून बायका डबे घेऊन बाहेर आल्या, कचरा टाकला आणि आत गेल्या. मावशीपण.

दुपारी पाणी ओट्यावर चढलं. शेजाऱ्यांनी मावशीला उचलून वरच्या गल्लीत नेलं. चंद्री मागे खुंट्याला बांधलेली होती... तिच्यापर्यंत कोणाला जाताच आलं नाही.

पूर ओसरल्यावर पंचनाम्याला साहेब आले, तेव्हा मी मावशीसोबत होते. घराची नदीकडची भिंत पूर्ण गेली होती. साहेब माणूस वाईट नव्हता, स्वतःची खुर्ची त्यानं मावशीला दिली. मग म्हणाला, "अम्मा, मुनादी तो पूरे वॉर्ड में करवाई थी. आप लोग निकले क्यों नहीं?"

मावशी म्हणाली, "साहेब, मी तं गाडीत कचरा टाकून आली. तुमच्या माणसाच्या समोर उभी होती मी. त्यानं हातानं जरी सांगितलं असतं, तं चंद्रीला सोडून तं दिलं असतं ना!"

साहेबांनी मान खाली घालून पंचनामा लिहायला घेतला. त्यांच्या लेखी मुनादी, म्हणजे दवंडी, झाली होती, आणि ते खोटंही नव्हतं. ती कोणाला ऐकू आली का, हे बघायचं काम बहुतेक कोणाच्याच वाट्याला आलं नसावं.

मला राहून राहून एकच वाटतं. मागांचा मोहल्ला बाहेर कसा काढायचा, हे आमच्या गावात कोणालाही विचारा. लाइट बंद करा! माग थांबतात, एकदम शांत होतं, आणि सगळे ओट्यावर येऊन वीजवाल्यांच्या नावानं बोंबा मारतात. तेव्हा सांगा ना, काय सांगायचं ते. एरवी ऊठसूट लाइट जाते आमच्याकडे... नेमकी त्या दिवशी गेली नाही.

मावशी आता माझ्याकडेच असते. इथे नदी लांब आहे, माग नाहीत, भोंग्यातला शब्द न् शब्द ऐकू येतो. आज हे सगळं तिला पुन्हा समजावून सांगितलं.

राहिलेली वेणी घालत ती म्हणाली, "माहीत आहे माय. पण गाण्याच्या मधातच काही सांगतील, अन् आपण कचराच टाकत राहू."



उद्यापासून गाडी आली की मी मिक्सर बंद ठेवणार आहे. तिला ते गाणं शेवटपर्यंत नीट ऐकू द्यायचंय. माझ्या हातात तेवढंच आहे. ज्यांच्या हातात जास्त होतं, त्यांनी त्या दिवशी थोडा वेळ माग थांबवले असते, तर चंद्री आज आमच्या फाटकाशी बांधलेली असती.