बांबूतले दोन एकर

लिहिता-वाचता न येणाऱ्या आमच्या मामानं कागदाला जेवढा मान दिला, तेवढा कागदाच्या गिरणीनंही दिला नसेल. आमच्या घरात तेव्हा कागद यायचा तो मिठाच्या पुडीचा. मामा-मामी दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायचे आणि त्या मजुरीवर मी आदिलाबादला कॉलेजात शिकायचो. पुडी सुटली की मामा तो कागद मांडीवर घासून सरळ करी आणि आढ्यात खोचून ठेवी. छापील कागदावर त्यानं कधी पाय दिला नाही. एकदा बाजारहत्नूरच्या बाजारात निवडणुकीची पत्रकं उधळलेली होती, तर हा गडी कडेनं, नालीतून चालत घरी आला. पाय धुवायला पाणी देत मामी म्हणाली, "कागद कोरडे राह्यले ना तुमचे?"

मी बी.ए. झालो, घराण्यातला पहिला. त्याच साली मामानं शेजारच्या म्हाताऱ्याकडून दोन एकर जमीन घेतली. मामी म्हणाली, "आदिलाबादले जाऊन रजिस्ट्री करा लागते म्हनतेत." मी म्हणालो, "मामी, मी शिकलेलो हावो ना. मी लिहितो." हे वाक्य आठवलं की आजही मान खाली जाते. पांढऱ्या कागदावर वळणदार अक्षरात मी चतुःसीमा लिहिल्या, म्हाताऱ्याचा अंगठा घेतला, दोन साक्षीदार घेतले. आमच्याकडे याला सादा बैनामा म्हणतात. घडी पडू नये म्हणून मामानं तो पोकळ बांबूत घातला, आणि बांबू काही त्याच्या काखेतून सुटेना. उटनूरच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "इसमें क्या है?" मामा म्हणाला, "दो एकर." कंडक्टरनं सरकून जागा दिली.

पुढं म्हातारा वारला. सरकारदरबारी जमिनीच्या मालकीचा पट्टा अजून बापाच्याच नावावर आहे, हे त्याच्या मुलाच्या ध्यानात आलं. त्यानं तीच जमीन एका व्यापाऱ्याला रजिस्ट्री करून विकली, आणि एका सकाळी बांधावर तारेचं कुंपण दिसलं. आम्ही बांबू घेऊन महसुलाच्या मंडल ऑफिसात गेलो. तिथल्या मराठी जाणणाऱ्या कारकुनानं कागद वाचला. "रजिस्ट्री नाही, पहाणीच्या उताऱ्यात नाव नाही. यानं काही होत नाही." मग पुन्हा पाहून म्हणाला, "अक्षर मात्र सुंदर. कोणाचं?"

मी फरशीकडे पाहत होतो. मामा ताठ झाला. "माह्या भाच्याचं. बी.ए. हाये."

परतताना मी म्हणालो, "मामा, चूक माही हाये."

"काऊन? तू काय खोटं लिहिलं?" एवढंच. मामीनं मात्र महिनाभर मला नावानं हाक मारली नाही. "शिकलेले, जेवून घ्या," म्हणायची.

व्यापारी हटला नाही. शेवटी म्हाताऱ्याच्या बायकोलाच राहवलं नाही. स्वतःच्या नावावरची नाल्याकाठची अर्धा एकर जमीन तिनं मामाला द्यायचं कबूल केलं. रजिस्ट्री ऑफिसच्या दारात मामा म्हणाला, "तूच लिही ना बापू." मी दस्त लिहिणाऱ्याकडे बोट दाखवलं.

आता मामा थकलाय. नवा दस्त मामीच्या पेटीत असतो, बांबूत अजून माझाच कागद आहे. कधी ऊन पडलं की तो काढतो, मला वाचायला लावतो, आणि गेलेल्या जमिनीच्या चारी सीमा डोळे मिटून ऐकतो. नाल्याकाठची अर्धा एकर जमीन मामाच्या नावावर चढली, रजिस्ट्रीनं. त्या दस्तात माझं एकही अक्षर नाही.