पाय टेकतील तेवढंच पाणी

मला पोहता येत नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडहून गाडी काढून मी घरच्यांना डोंगराआडच्या खाडीवर नेतो. तिथल्या किनाऱ्यांना लाटा नसतात. छातीभर पाण्यात तळावरून चालत नुसते हात मारले, की लांबून पोहल्यासारखं दिसतं.

मागच्या वर्षी तिथे एक काकू भेटल्या. सत्तरीच्या असाव्यात. चष्मा चपलेत ठेवून, ओढणी कमरेला घट्ट बांधून त्या पंजाबी ड्रेसमध्येच पाण्यात शिरल्या आणि झोपाळ्यावर पडावं तशा पाठीवर तरंगत राहिल्या. आम्ही मराठी आहोत हे कळूनही त्यांनी ना आडनाव विचारलं ना गाव.

"बाबा, राफ्टपर्यंत रेस?" खोल पाण्यातल्या तराफ्याकडे बोट दाखवत माझी लेक ओरडली. "इफ आय गेट टायर्ड, यू आर देअर!"

"तू हो पुढे, माझा खांदा दुखतोय," मी म्हणालो. ती निघाली.

काकू तरंगत जवळ आल्या. "खांदा कसला? चालून चालून पाय दुखत असतील तुमचे," त्या हसल्या. मग तिच्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "पण पोरगी तुमच्या भरवशावर निघालीय हो." आणि सपासप हात मारत तिच्या मागे गेल्या.

दोघी हसत परतल्या. काकूंनी चष्मा चढवला आणि कुणाला काही न सांगता त्या निघून गेल्या.

लेक आता आणखी लांब पोहते. ती बुडायला लागली तर मी येऊ शकणार नाही, हे तिला सांगणं अजून बाकी आहे.