दारातला गुलाल

परवा निकालाच्या दिवशी पुण्यातल्या खिडकीतून गुलालाचा तो कोरडा, घशात बसणारा वास आला आणि गावाकडची एक जुनी विधानसभा आठवली. तालुक्याला, विट्यात मतमोजणी चालू होती. वडील एका गटात, चुलते दुसऱ्यात, आणि दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच. पहिल्या फेऱ्यांत आमचा माणूस पुढं होता, म्हणून वडिलांनी दम न धरता भाड्याचा जेसीबी बकेटात गुलाल भरून दारात उभा केला. दुपारी टीव्हीवरचे आकडे फिरले आणि चुलत्यांचा माणूस निवडून आला. जिल्ह्यातल्या बाकीच्या जागा कुणाच्या आल्या, हे बघायलाही आमच्या ओसरीवर कुणी थांबलं नाही. ऊन उतरल्यावर चुलते स्वतःच आले, कारण गावात जेसीबी तेवढा एकच. "दादा, मशीन न्हेऊ का? गुलाल काढून घ्या तुमचा." वडील खुर्चीतून उठले नाहीत. "राहू दे. मी आता काय करू त्येचं?" तिन्हीसांजेला चुलत्यांच्या गटाची मिरवणूक तोच जेसीबी घेऊन आमच्याच दारावरून गेली आणि बकेट नेमकं तिथं उलटलं. आईच्या तव्यावरची भाकरी गुलाबी झाली. ताटाला कुणी हात लावेना. "आवं, आपलाच हाय गुलाल, खावा," ती म्हणाली. वडिलांनी भाकरी झटकली आणि खाली मान घालून खाल्ली. आता त्या दोन्ही गटांचे नेते एकाच फ्लेक्सवर शेजारी शेजारी हसत असतात. वडील आणि चुलते अजून एकमेकांशी बोलत नाहीत. आई मात्र निकालाच्या दिवशी सकाळीच भाकरी करून झाकून ठेवते. कोण पुढं आहे, ते विचारतही नाही.