इराची जर्मनीची तयारी आणि आमचं ‘नको नको’

हवी असलेली गोष्ट समोर आली की आधी ‘नको’ म्हणायचं, हे आपल्याला नेमकं कोण शिकवतं? खूप विचार केला... मला उत्तर सापडलेलं नाही. पण मध्यंतरी या ‘नको’पायी एका मुलीचं जर्मनीला जाणं जवळजवळ हुकलं होतं.

मी आयर्लंडमध्ये, कॉर्क शहराजवळ रिंगास्किडीला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. मृणालताई माझ्या सीनियर, मूळच्या पुण्याच्या. त्यांचे मिस्टर दूर मलिंगार गावच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, घरी येतात ते वीकेंडला. एरवी घरात मायलेकीच. लेक इरा, सोळा वर्षांची... मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र कॉर्कच्या हेलातल्या इंग्लिशमध्ये.

इथल्या शाळेत दहावीच्या सुमारास एक मोकळं वर्ष मिळतं. त्यात काही मुलं एक टर्म दुसऱ्या देशात, तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहून शिकतात. इराला जर्मनीला जायचं होतं आणि मी कॉलेजात असताना जर्मन शिकले होते, म्हणून रविवारी तिची तयारी घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

खरं सांगू? मला तिचं फार अप्रूप वाटायचं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. सोळाव्या वर्षी मी कराडहून साताऱ्यालासुद्धा एकटी गेले नव्हते.

त्या कुटुंबाशी पहिला व्हिडिओ कॉल झाला तेव्हा मी आणि मृणालताई लॅपटॉपच्या मागे श्वास रोखून बसलो होतो. तिकडच्या काकूंनी विचारलं, विमानतळावर घ्यायला येऊ का? इरा म्हणाली, नको, मी ट्रेनने येईन. वेगळी खोली हवी की आमच्या मुलीबरोबर राहशील? कसंही चालेल. आमच्याकडे मोठा कुत्रा आहे, चालेल ना? हो हो, काहीच हरकत नाही. सुट्टीत आमच्याबरोबर डोंगरात फिरायला येशील? माझ्यासाठी मुद्दाम काही करू नका...

सगळं अगदी स्वच्छ जर्मनमध्ये; मी मृणालताईंच्या कानात अर्थ सांगत होते. कॉल संपला तेव्हा मृणालताईंचे डोळे भरून आले होते. “किती गुणाची बोलली गं माझी बाय!” मलाही तसंच वाटलं. ‘माझ्यासाठी मुद्दाम काही करू नका’ हे वाक्य तर मीच तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

आणि त्याच आठवड्यात शाळेतून फोन आला. त्या कुटुंबाला वाटत होतं की मुलीला यायचंच नाहीये, आईवडील बळेच पाठवताहेत. तसं असेल तर ते दुसऱ्या कुणाला बोलावणार होते.

मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा इरा जिन्यावर बसून रडत होती. “बट आय वॉज बीइंग नाइस, ताई!”

मग डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे पाहुण्याने आधी नको म्हणायचं आणि यजमानाने आग्रह करायचा. आयर्लंडमध्येही हुबेहूब तेच! शेजारच्या आजी चहा विचारतात, आपण ‘आय’म ग्रँड’, म्हणजे ‘नको, ठीक आहे’, म्हणायचं, त्या पुन्हा विचारणार, आणि तिसऱ्यांदा विचारेपर्यंत चहा कपात पडलेलाच असतो. पोरगी दोन्हीकडून हेच शिकलेली... आणि जर्मनीतल्या काकूंच्या लेखी नको म्हणजे नको.

म्हणून आम्ही स्वयंपाकघरात रंगीत तालीम घेतली. मी जर्मन काकू. गरम थालीपीठ पुढे करून विचारलं, हवं का? इरा सवयीने म्हणाली, “नो, आय’म ग्रँड.” मी ताटली उचलून घेतली आणि स्वतःच खायला लागले.

“दिस इज चाइल्ड क्रुएल्टी!” इरा ओरडली. मृणालताईंना तर राहवेचना. “अगं, भूक लागलीये तिला! एकदा विचारून उचलतात का असं?” त्या लगेच दुसरं थालीपीठ घेऊन आल्या. त्यांना बाहेरच्या खोलीत बसवून दार लावावं लागलं, तेव्हा कुठे तालीम पुढे सरकली.

चौथ्या थालीपिठाला इरा म्हणाली, “या, बिट्टे.” हो, हवंय.

पुन्हा कॉल लावला. या वेळी तिचं जर्मन अडखळत होतं, व्याकरणही चुकलं. पण ती म्हणाली, मला यायचंय, खूप यायचंय. विमानतळावर प्लीज या, मला एकटीला भीती वाटते. डोंगरात पण यायचंय. आणि... कुत्र्याचीही भीती वाटते. हे तर आम्हालाही माहीत नव्हतं!

काकू म्हणाल्या, “छान. आता तुझ्यासाठी काय करायचं ते कळलं.” पहिले काही दिवस कुत्रा त्यांच्या आईकडे राहील, असंही त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मृणालताई माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या.

इरा गेली. विमानतळावरून परत येताना मृणालताई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, “तिची खोली आता रिकामीच आहे. तुला तिकडे भाड्याच्या घरात चौघींत एक बाथरूम... म्हणजे, तुला सोयीचं असेल तरच हं. नाहीतर राहू दे.”

‘नको ताई, तुम्हाला कशाला त्रास’ अगदी ओठांवर आलं होतं. मग त्यांच्याकडे पाहिलं... खोली माझ्यासाठी होती, पण सोबत त्यांना हवी होती. ते सरळ म्हणायला त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

इरा, तुझे मनापासून आभार. शिकवणी मी घेत होते, शिकले मात्र मीच.

“हो ताई, येते राहायला,” म्हटलं. पहिल्याच विचारण्याला. आणि शनिवारी सामान घेऊन आलेसुद्धा.