अठरा कामगारांच्या नावावरचं कर्ज

ती बाई आजही आठवते, कारण पहिल्या दिवशी मी तिला पोलीस ठाण्यातून परत पाठवलं होतं.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात ती प्रेस मशीनवर काम करायची. रोज करमाडहून येणं-जाणं. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायला पंधरा दिवस उरले होते. पीएफमधून पैसे काढायला गेली, तर खात्यात दोन वर्षांत एक रुपयाही जमा नव्हता. पगारातून कपात मात्र दर महिन्याला चालू होती.

"मालकाला इचारलं तं म्हणले, भरतो, घाई काय," ती म्हणाली. "साहेब, माझ्या पगाराचे कापले ना? मंग गेले कुठं?"

मी अर्ज न वाचताच सांगितलं, "हा दिवाणी मामला आहे. पीएफ कार्यालयात जा."

साफ खोटं होतं ते. कामगाराचा कापलेला हिस्सा मालकानं भरला नाही, तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. मला ते माहीत होतं. पण टेबलावर बंदोबस्ताची यादी होती आणि समोरच्या बाईच्या अंगावर कारखान्याचा मळका ॲप्रन. सूटबूट असता तर मी खुर्ची दिली असती, अर्जही वाचला असता.

बारा दिवसांनी ती पुन्हा आली. मुलीसाठी शैक्षणिक कर्ज मागायला बँकेत गेली होती. तिथं कळलं, की तिच्या नावावर आधीच एक कर्ज आहे आणि त्याचे दोन हप्ते थकलेत.

"म्या जन्मात किराण्याचीबी उधारी केली नाय," ती म्हणाली, "अन् मला थकबाकीदार म्हणत्यात!"

ती बाहेर बसल्यावर आमचा हवालदार जवळ आला. "साहेब, त्या कंपनीच्या गेटवरचा चहावाला सांगत व्हता, एकट्या हिचं नाय. लई जणांच्या दारात वसुलीवाले येऊन ऱ्हायलेत."

आता मात्र गुन्हा दाखल केला. कर्ज देणाऱ्या खासगी वित्त कंपनीकडून कागद मागवले. अठरा कामगार, अठरा अर्ज. प्रत्येकावर वित्त कंपनीच्या एजंटाचा शेरा : 'अर्जदाराच्या घरी जाऊन फोटो घेतला.' तारखा सगळ्या वेगवेगळ्या.

मालक वकिलाला घेऊन आला. "त्यांनी राजीखुशीनं कर्ज काढलं आणि मला हातउसने दिले. सह्या त्यांच्याच आहेत, तपासा."

सह्या खरोखर त्यांच्याच होत्या. दोन दिवस चौकशी तिथंच अडली. मग फोटो टेबलावर ओळीनं मांडले, आणि हवालदार हसायलाच लागला.

"हे लोक घरीबी असं टिळा लावून बसत्यात व्हय?"

अठराही कपाळांवर ओलं कुंकू, त्यावर चिकटलेले तांदूळ. कुणाच्याही मागं घर नव्हतं. तेच लोखंडी शटर आणि त्यावर झेंडूची माळ. खंडेनवमी! त्या दिवशी कारखान्यात मशीनची पूजा होते, कामगार रांगेनं टिळा लावून घेतात, पेढा घेतात. कामगारांनी सांगितलं, त्याच रांगेच्या टोकाला एजंट मोबाइल घेऊन बसला होता. 'पीएफचा फॉर्म आहे' म्हणून सह्या घेतल्या, फोटो काढले, मोबाइलवर आलेले आकडे विचारून घेतले. त्याच कागदांवर नवी बँक खाती उघडली. त्यांची एटीएम कार्डं मालकाच्या ड्रॉवरमधून पंचनाम्यात निघाली.

फोटो पाहिल्यावर मालकानं पाणी मागितलं.

"पीएफ थकला म्हणून बँकेनं कर्ज नाकारलं, साहेब. आधी पीएफ भरल्याचं चलन दाखवा म्हणाले. मी काय करायचं?"

"पीएफ कार्यालयाकडं हप्ते मागायचे. गिऱ्हाइकांकडं अडकलेल्या बिलांवर पैसे उचलायचे. तुमचा फुलंब्रीत प्लॉट पडून आहे, तो विकायचा."

"प्लॉट विकला असता तर बाजारात बोभाटा झाला असता. माझी पत गेली असती."

कर्जाचे पैसे त्यानं उडवले नव्हते. हिशेब तपासला, तर त्यातून त्यानं कारखान्याचे पगार केले होते. कामगाराच्या नावावर कर्ज काढायचं आणि त्याच पैशातून त्याला पगार द्यायचा! वर दिवाळीला मिठाईचा डबा देऊन त्याच्याकडून हात जोडून घ्यायचे. स्वतःची पत झाकायला त्यानं अठरा जणांची पत विकली. त्यांनाही पत असते, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. खरं सांगायचं, तर पहिल्या दिवशी माझ्याही नव्हतं.

अटक झाल्यावर प्लॉट विकायला वेळ लागला नाही. पीएफ भरला गेला, कर्जं फिटली, नावं साफ झाली. तोवर आठ महिने उलटले होते. दोषारोपपत्र दाखल झाल्याचं सांगायला मी करमाडला तिच्या घरी गेलो. मुलगी शेंद्र्यात पॅकिंगच्या कामाला गेली होती.

"समदे पैसे आले, साहेब," बाईनं चहा पुढं केला. "पण पोरीची सीट दुसऱ्याला गेली. ती आता कॉलेजचं नावबी काढू देत नाय मला."

चोवीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शेकडो वेळा पाहिली. ठाण्यातून एक फोन गेला, की असल्या मालकांकडं संध्याकाळपर्यंत पैसे निघतात. पहिल्याच दिवशी अर्ज घेतला असता, तर तिची फी वेळेत भरली गेली असती. मी बारा दिवस घालवले. दोषारोपपत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.