दीर्घ श्वास घ्या, शेडगेमामा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, झोप लागत नाही म्हणून ज्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं जातो त्यांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच कारण असावं.

मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे काही शहाणपणाचं बोललो तरी तुम्ही भुलणार नाही. बोलण्यात मी पहिल्यापासून पटाईत. निवृत्तीनंतर सोसायट्यांमधून ताणतणावावर व्याख्यानं देतो, लोक टाळ्याही वाजवतात. समोरच्यांच्या डोळ्यांत मात्र मला बघवत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात, कीटकनाशकं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कामगार अधिकारी म्हणून लागलो. वय अठ्ठावीस, नेरूळला नवा फ्लॅट, लग्नही नवं, आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. त्या उन्हाळ्यात पावडर भरायच्या शेडमधली माणसं तक्रारी घेऊन यायला लागली — डोकं दुखतं, हात थरथरतात, जीव घाबरा होतो. मॅनेजर म्हणाले, "टेन्शन आहे सगळं. तू शिकलेला आहेस, जरा समजाव त्यांना."

मला काय, तेवढंच हवं होतं. एक जाड पुस्तक आणलं, दोन रविवार बसून वाचलं, कार्डशीटवर मज्जासंस्थेचे रंगीत तक्ते काढले. आणि रोज सकाळची पाळी सुरू होताना तिथेच, मशीनजवळ, पंधरा मिनिटांचा वर्ग घ्यायला लागलो. माणूस घाबरला की शरीर पळायची तयारी करतं — डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंडाला कोरड पडते. अशा वेळी सावकाश दीर्घ श्वास घेतला, की मेंदूला निरोप जातो: धोका टळला. हे सगळं खरंच आहे हो, आजही खरं आहे. दहा श्वास, नाकाने आत, तोंडाने बाहेर. माणसं नाकाला बांधलेले रुमाल खाली करून श्वास घ्यायची. रुमाल खाली करायला मीच सांगितलं होतं.

सगळ्यांत मन लावून शिकायचे ते शेडगेमामा. साताऱ्याकडचे, चाळिशीचे, बायको आणि दोन मुलींना घेऊन तुर्भ्यालाच पत्र्याच्या खोलीत राहायचे. घरीसुद्धा पाटावर बसून दहा श्वास घ्यायचे म्हणे. एक दिवस वर्ग संपल्यावर ते माझ्यापाशी आले. शर्ट घामानं चिंब झालेला.

"साहेब, हात ऐकंना झालाय. आन् तोंडाला सारखं पानी सुटतंय. माजा श्वास चुकतोय का कुटं?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. शेडमधला तो अंधुक उजेड, त्यात घाबरलेला माणूस — बाहुल्या मोठ्या हव्या होत्या. मामांच्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. कोरड पडायची तिथे हनुवटीवर लाळ होती. मी शिकवत होतो त्याच्या बरोबर उलटं. टेबलाशी जाऊन ड्रमबरोबर येणारं माहितीपत्रक काढलं. बारीक अक्षरांत, पावडर श्वासातून गेल्यास होणाऱ्या विषबाधेची लक्षणं छापलेली होती — बाहुल्या आकसणं, लाळ, घाम, हातापायांची थरथर. एकूण एक जुळत होतं.

मग मी काय केलं असेल? मॅनेजरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. परत फिरलो. मला कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात सहीला जाणार होता. पत्रक ड्रॉवरच्या तळाशी सारलं आणि तक्रारींच्या रजिस्टरात शेडग्यांच्या नावापुढे लिहिलं — मानसिक ताण, श्वसनाचा सराव वाढवावा. मामांना म्हणालो, "दहाऐवजी वीस घ्या."

पण तेवढंच असतं तर — नाही, खरं सांगायचं ते अजून पुढेच आहे, मी टाळतोय. दुसऱ्या दिवसापासून मी वर्ग शेडच्या दारात उभा राहून घ्यायला लागलो. तिथे बाहेरची स्वच्छ हवा यायची. ते सगळे आत, रुमाल खाली करून, मी दारात. मज्जासंस्था मला तेवढी नीट समजली होती. असं अडीच महिने चाललं.

मामांची पावलं लुळी पडत गेली आणि एका सकाळी ते शेडमध्येच कोसळले. कंपनीच्या डॉक्टरांनी रजिस्टरातली माझी ओळ वाचली आणि तसंच पुढे लिहिलं. मामांचं काम सुटलं. ते गावी निघाले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. कशाला गेलो? निरोप द्यायला, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. खरं तर त्यांना काही संशय आलाय का, ते बघायला गेलो होतो.

त्यांना काठी धरूनही उठता आलं नाही. त्यांच्या बायकोनं चहा पुढे केला.

"तुमी किती जीव तोडून शिकवलं, साहेब," ती म्हणाली. "ह्यांनाच जमलं न्हाई."

मामा कसनुसं हसले. "माजं मनच कच्चं, साहेब. न्हाय का?"

दोन्ही मुली माझ्याकडे बघत होत्या. आपला बाप खरंच कच्च्या मनाचा आहे का, हे त्यांना साहेबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"हो मामा," मी म्हणालो. "मनावरच असतं सगळं."