ताईच्या रंध्यावरचा छाप

राग आधी त्या गिऱ्हाइकाचा आला. सातपूरच्या आमच्या शेडमध्ये ताई शिसवी रंध्याच्या तोंडात जाड दातांची कानस घालून पातं टेकायची उतरती जागा साफ करत होती. केसांत भुसा. तो माणूस तयार रंधा हातात फिरवत मला म्हणाला, "मिस्त्री, काय हात आहे तुमचा!"

मी हसलो. नुसता हसलो.

वडील गेल्यापासून रंधे ताईच बनवते. मी कारखान्यात फिटर. संध्याकाळी तिला लागणारी हत्यारं करून देतो. ती कानस मीच दात पाडून, तापवून पाणी देऊन कडक केलेली. पण लाकूड मला जमत नाही.

तो गेल्यावर ताई म्हणाली, "माझ्या नावाचा छाप कधी देणार? दिवाळीपासून सांगतेय."

छाप म्हणजे पोलादाची खुंटी, टोकावर उलटी अक्षरं. रंध्याच्या पुढच्या अंगावर हातोडीनं ठोकायची. मी केला. पण त्यावर आमचं आडनाव कोरलं. वडिलांचं, माझं. लग्नानंतर तिचं न राहिलेलं.

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे कुणाचं?"

"घराण्याचं. गिऱ्हाइकं ओळखतात."

"मग घराण्याला सांग रंध्यात पात्याची पाचर बसवायला."

वर मीच चिडलो. "एवढ्याशा अक्षरांचं काय घेऊन बसलीस?" एवढीशी होती, तर मी बदलली कशाला? मला ते फुकटचं 'मिस्त्री' हवं होतं. त्या गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

परवा तो पुन्हा आला. मी सांगितलं, "रंधे या बनवतात. मिस्त्री याच."

"ताई पॉलिश मारत असतील!" तो खिदळला.

माझं डोकं फिरलं. त्याच्या हातातला रंधा हिसकावला. "निघा. विकायचा नाही!"

"अरे गप!" ताई माझ्यावरच कडाडली. "माझा रंधा विकायचा की नाही, तेही तूच ठरवणार?" मग त्याच्याकडे वळून, "रविवारी या. छाप मारून देते. नाव वाचून घ्या."

त्याच संध्याकाळी मी आडनाव ग्राइंडरवर घासून काढलं. खुंटी तापवून मऊ केली, नवी अक्षरं कोरली. ताई मागे उभी होती.

"पाणी द्यायच्या आधी वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. जन्मभर ताईच म्हणत आलो; तिचं नाव तोंडात नीट बसेना.

"परत," ती म्हणाली.